चौकट एकतीस

१४ जून

"दिसत नसेल तर दिसत नाही म्हणावं, बाळ. अंदाज करू नये."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे मला सांगितलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यांत खालची ओळ मी घडाघडा म्हणून दाखवली होती. डॉक्टरांना संशय आला, कारण म्हणताना मी तक्त्याकडे बघतच नव्हते. माझ्या खुर्चीमागे माझा सात वर्षांचा भाऊ, ठोंब्या, उभा होता आणि एकेक अक्षर कुजबुजत पुरवत होता. ताईला चष्मा लागला तर वर्गात तिला चिडवतील, असा त्याचा हिशोब. आईने घरी जाईपर्यंत दोघांचे कान सोडले नाहीत. चष्मा लागायचा तो लागलाच.

आज ऑफिसच्या तपासणीत ते आठवलं. आमच्या विभागात दर जूनमध्ये डोळे तपासून घ्यावे लागतात. खालच्या ओळीपाशी आले आणि म्हटलं, "दिसत नाही." बाहेर येऊन ठोंब्याला कळवलं, "शेवटची ओळ गेली. मागे तू नव्हतास."

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. "पुढच्या वर्षी जहाज बाजूला लावून येतो."

ही डायरी त्याच्याच कंपनीची. पहिल्या पानावर मालकांचा फोटो आहे, म्हणून त्याने ती मला दिली. "तूच लिही काहीतरी. मी लिहिलं तर रोज एकच ओळ होईल : पाणी होतं."

१९ जून

भावजय आली होती. आईच्या गुडघ्याला तेल लावता लावता म्हणाली, "ताई, रागावू नका, पण तुम्ही दिवसभर नक्की करता काय? मला कुणी विचारलं तर मी सांगते, हवामान खात्यात आहेत. मग लोक विचारतात, उद्या पाऊस पडेल का."

"सांग, तिला विचारून उपयोग नाही."

"तेच सांगते."

मग मी तिला नीट सांगितलं. आमच्याकडे रोज सकाळी दहाच्या सुमाराचं समुद्राचं एक छायाचित्र येतं, आकाशातून काढलेलं. त्यावर चौसष्ट चौकटी आखलेल्या असतात. प्रत्येक चौकटीत खालचे ढग, म्हणजे पाण्याला अगदी लगटून असणारे, कसे मांडलेत ते बघायचं आणि एक शब्द लिहायचा. मीठ सांडल्यासारखे बारीक असतील तर 'कणी'. त्याहून जाडे गठ्ठे असतील तर 'खडी'. मध्ये भोकं असतील तर 'जाळी'. वारा एका दिशेने नीट वाहत असेल तर ढग नांगरलेल्या शेतासारखे ओळीने लागतात, त्या 'रांगा'. आणि वरच्या ढगांनी सगळं झाकलं असेल तर 'दिसत नाही'. पावसाळ्यात निम्म्याहून जास्त चौकटी 'दिसत नाही'च असतात.

"आणि हे यंत्राला जमत नाही?"

"जमतं. पण यंत्र कधीच 'दिसत नाही' म्हणत नाही. काहीतरी ठोकून देतं."

"आमच्याकडे पण आहे एक तसं," भावजय म्हणाली, आणि आईसकट आम्ही तिघी हसलो. ठोंब्याला रस्ता विचारला की तो माहीत नसला तरी छातीठोक सांगतो. समुद्रावर त्याच्या हातात नकाशे देतात, हे आईला अजून पटलेलं नाही.

वरचे ढग मोठे होतात, फिरतात, वादळं होतात, त्यांची बातमी होते. खालच्यांची फक्त नोंद होते. वीस वर्षांची नोंद आहे आमच्याकडे. मला हे काम आवडतं, हे मी कुणाला फारसं सांगत नाही.

२४ जून

ठोंब्याचं जहाज परवा निघालं. सिमेंटची पोती भरली आहेत. तो दुसरा अधिकारी, म्हणजे दुपारी बारा ते चार पहारा त्याचा, आणि रात्रीचाही बारा ते चार. दिवसातून तासभर नेट मिळतं तेव्हा तो कुठे आहे ते कळवतो आणि मी माझ्या चौकटींत त्याला शोधते. हा आमचा जुना खेळ.

"ताई, वरून कसं दिसतंय?"

"बावीसमध्ये आहेस. डोक्यावर जाळी."

"खालून नुसतं मळकं गोधडं दिसतंय. तुझ्याकडे भोकं, माझ्याकडे एक नाही."

मी लिहिलं, "आंघोळ कर, मळकं दिसणार नाही."

२७ जून

कंटाळवाणा दिवस. वरच्या ढगांचा पडदा जाड होता. चौसष्टपैकी एकेचाळीस 'दिसत नाही'.

चौकट एकतीस सर्वांत शेवटी ठेवली होती, ठोंब्या तिथे आहे म्हणून. वरून पातळ पडदा होता, पण एका कोपऱ्यात खाली ओळी असल्यासारखं वाटलं. बराच वेळ बघत बसले. 'रांगा' लिहिलं. रांगा म्हणजे नाकासमोर वाहणारा वारा, बरा दिवस.

पहारा संपल्यावर, चारनंतर त्याचा निरोप आला. "वरून कसं?"

"रांगा. छान आहे."

"तू म्हणतेस म्हणजे छानच."

दुर्बीणही एकतीसला 'रांगा'च म्हणाली. दुर्बीण म्हणजे माझी जोडीदार, चष्मा इतका जाड की हे नाव तिनेच स्वतःला ठेवलंय. आम्ही दोघी एकच छायाचित्र वेगवेगळं वाचतो, एकमेकींचं न बघता. दोघींचं जुळलं तर नोंद पक्की. नाही जुळलं तर साहेबांकडे. एकतीस जुळली, तेव्हा जीव भांड्यात पडला. का पडला असेल? चौकट तर रोजचीच.

२९ जून

दोन दिवस निरोप नाही. नेट बिघडलं असणार. मागच्या वर्षीही चार दिवस बिघडलं होतं.

३० जून

सकाळी साडेसातला भावजयीचा फोन. "ताई, कंपनीतून फोन होता. जहाज उत्तर देत नाही म्हणाले. परवा पहाटेपासून." मग म्हणाली, "उत्तर देत नाही म्हणजे काय हो?"

मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. तिने विचारलं, "तुम्हाला वरून दिसतं ना सगळं?"

जहाज दिसत नाही गं, मी म्हटलं. जहाज फार लहान असतं. आमच्या एका चौकटीत अख्खा जिल्हा मावेल.

ऑफिसात गेल्यावर आधी एकतीस उघडली. दिसत नाही. बत्तीस, दिसत नाही. तेवीस, चोवीस, एकोणचाळीस, चाळीस. सगळं पांढरं.

२ जुलै

विमानं शोधायला गेली आणि परतली. ढग पाण्यापासून दोनशे मीटरवर उतरलेत, खाली गेलं तर विमानच समुद्रात जाईल, आणि वर राहिलं तर काही दिसत नाही. म्हणजे माझे ढग. वीस वर्षं ज्यांना मी निरुपद्रवी म्हणत आले ते.

आईला हे सांगितलं नाही. ती रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत विचारते, "आज उघडलं का?"

"नाही अजून."

"उद्या उघडेल." आणि मग लगेच, "उघडलं म्हणून खोटं सांगू नकोस हं मला. मी आहे घट्ट."

५ जुलै

एक तराफा सापडला. रिकामा. जहाजावर असे चार असतात, म्हणजे सगळे बाकीच्या तीन तराफ्यांत बसले असणार. एका तराफ्यात पंचवीस माणसं मावतात आणि जहाजावर सगळे मिळून एकोणीस. हे गणित मी भावजयीला दोनदा समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही काही खाल्लंय का सकाळपासून?"

तिने त्याचे शर्ट धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलेत. परत आल्यावर लागतील म्हणून असेल. पण वरच्या कप्प्यात का, तिथे तिचा हात पुरत नाही.

९ जुलै

शोध थांबवला.

आजच एकतीस उघडली. स्वच्छ. निळं पाणी आणि वर कणी, कुणीतरी चिमटीने टाकल्यासारखी. 'कणी' लिहिलं. लगेच बत्तीस उघडली, याची मला लाज वाटली.

आईने विचारलं, "उघडलं का?" मी म्हटलं, उघडलं. तिने उठून कुकर लावला.

२४ जुलै

पंधरा दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं सगळं होतं म्हणूनच.

आज भावजय दुपारी ऑफिसात आली. ती कधी येत नाही. फाटकापाशी छत्री मिटून उभी होती, हातात लिफाफा. कॅन्टीनमध्ये बसलो. मालकांच्या कंपनीचं पत्र होतं. तीन पानं. मला शेवटचा परिच्छेद वाचायला दिला.

"त्या भागात हवा अनुकूल होती, हे सरकारी नोंदीवरून सिद्ध होते. सबब, दुर्घटनेचे कारण पहाऱ्यावरील अधिकाऱ्याचा निष्काळजीपणा हेच संभवते."

आणि खाली सरकारी नोंदीचा उल्लेख. खालच्या ढगांची दैनिक नोंद. सत्तावीस जून. चौकट एकतीस. रांगा.

"ताई, पहाऱ्यावरचा अधिकारी म्हणजे हेच ना?"

मी म्हटलं, हो.

"जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या आईचा फोन आला होता काल. तिलाही हे पत्र गेलंय, सगळ्यांनाच गेलंय. म्हणाली, तुझ्या नवऱ्याला झोप लागली आणि माझा मुलगा गेला. मी काय बोलणार? ऐकून घेतलं." तिने चहाला हात लावला नाही. "पण मला एक सांगा, ही नोंद कोण करतं? तुमच्याकडे अशी माणसं असतील ना, त्यांना विचारता येईल की त्यांनी नीट बघितलं होतं का?"

मी म्हटलं, विचारते.

२५ जुलै

भावजयीला काल खरं सांगितलं नाही. इथे तरी लिहिते.

सत्तावीस तारखेला मला एकतीसमध्ये काही दिसलं नव्हतं. पडदा होता. नियम स्पष्ट आहे : पडदा असला तर 'दिसत नाही'. पण तिथे ठोंब्या होता, आणि माझ्या भावाच्या जागी मला 'दिसत नाही' लिहवेना. म्हणून पडद्यामागे काहीतरी चांगलं शोधत बसले आणि ते सापडेपर्यंत उठले नाही. दुसऱ्या कुठल्याही चौकटीला मी असं केलं नसतं.

आणि मग त्याला कळवलं, छान आहे.

त्याने त्या शब्दावर काय केलं असेल? काहीच नसेल. त्यांच्याकडे रीतसर अंदाज येतात, कप्तान असतो, यंत्रं असतात. बहिणीच्या निरोपावर जहाज चालत नाही. हे मी दिवसातून वीस वेळा स्वतःला सांगते, आणि एकविसाव्या वेळी 'तू म्हणतेस म्हणजे छानच' आठवतं.

२६ जुलै

आज ते छायाचित्र पुन्हा काढलं. मूळ नाही. नोंद पक्की झाली की मूळ छायाचित्र जागा खातं म्हणून पुसून टाकतात आणि लहान करून ठेवतात. लहान केल्यावर पातळ पडदा त्यात उरतच नाही.

तासभर बघितलं. मला तिथे रांगा दिसल्या. आता मला तिथे रांगाच दिसतात.

२८ जुलै

दुर्बिणीला डब्याच्या वेळी सगळं सांगितलं. ती जेवायची थांबली. मग चष्मा काढून पदराने पुसत बसली, खूप वेळ, काच झिजेल इतका.

"मी 'दिसत नाही' लिहिलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"त्याच दिवशी. एकतीसला. तू चहा आणायला गेलीस तेव्हा तुझं बघितलं. रांगा दिसलं. म्हटलं, हिचा भाऊ आहे तिथे, हिला रांगा दिसल्यात तर असू देत बापडीला. जुळलं नाही तर साहेबांकडे जाणार, ते खोडणार, तू दिवसभर उदास बसणार. म्हणून बदललं माझं."

मला राग यायला हवा होता. मला ठोंब्या दिसला, खुर्चीमागे उभा राहून अक्षरं पुरवणारा.

"हे लिहून देशील?"

"अगं, आठ महिने राहिलेत माझ्या निवृत्तीला. लिहून दिलं तर मी एकमेकींचं बघून लिहिते हे सिद्ध होतं. वीस वर्षांचं सगळंच संशयात जाईल. तुझंही." तिने चष्मा घातला. "कुणी समोर बसवून विचारलं तर खोटं बोलणार नाही. एवढं नक्की."

"कुणी विचारणार नाही."

"हो ना," ती म्हणाली, आणि तिचे डोळे त्या जाड काचांमागे केवढे मोठे झाले. निम्मा डबा तिने तसाच बंद केला.

१ ऑगस्ट

साहेबांकडे गेले. त्यांनी आधी दार लावलं, मग पाणी दिलं. भला माणूस आहे. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं.

"बाई, नोंद दोघींची जुळलेली आहे."

"मी अंदाजाने लिहिलं होतं, साहेब. मला दिसत नव्हतं."

"हे तुम्ही आज म्हणताय. त्या दिवशी 'दिसतंय' म्हणालात. आणि मधल्या काळात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे." त्यांनी माझा ग्लास पुन्हा भरला. "मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण मी विश्वास ठेवून काय होणार? त्यांचा वकील पहिला प्रश्न काय विचारेल? तुमचं नातं काय."

"म्हणजे मी परकी असते तर चाललं असतं."

"परक्या असता तर तुम्ही चुकलाच नसता, नाही का?"

हे त्यांनी टोचायला म्हटलं नाही. ते नुसतं खरं होतं.

"आणि नोंद केल्यावर दहा दिवसांनी तिला कुलूप लागतं, मग बदल नाही. तो नियम तुम्हाला मी सांगायला नको."

नको. तो नियम मीच लिहिलाय. तीन वर्षांपूर्वी एका अभ्यासक साहेबांना त्यांचा निष्कर्ष जुळत नव्हता म्हणून जुन्या नोंदी बदलून हव्या होत्या. तेव्हा मी समितीत तावातावाने बोलले होते, की बघणाऱ्याच्या सोयीने समुद्र बदलत नसतो. सगळ्यांनी टेबलं वाजवली होती. ठोंब्याला ते वाक्य इतकं आवडलं की त्याने जहाजावरच्या आपल्या खोलीत चिकटवून ठेवलं होतं.

उठताना साहेब म्हणाले, "अर्ज द्यायचा असेल तर द्या. मी तो वर पाठवीन. अडवणार नाही. पण बाई, त्यात तुमच्या निरोपाचं काही लिहू नका. नोकरी जाईल."

मी त्यांना निरोपाचं सांगितलंच नव्हतं. बहुधा आमचा खेळ अख्ख्या विभागाला माहीत होता.

३ ऑगस्ट

आईला आणि भावजयीला समोर बसवून सांगितलं. ती नोंद माझी आहे, म्हटलं. निरोपाचंही सांगितलं.

आई म्हणाली, "लहानपणी तो तुला सांगायचा, आता तू त्याला सांगितलंस. दोघांना अक्कल नाही." आणि तिने माझा कान धरला. धरला आणि सोडेचना, आणि मग तिचा हात तिथेच कानावर राहिला.

भावजयीने स्वतःचा फोन काढला, कुणाचा तरी नंबर शोधला, पुन्हा ठेवला. जाताना दारात म्हणाली, "स्वयंपाक्याच्या आईला मी काय सांगू, ते तुम्हीच एकदा लिहून द्या मला. मला नीट मांडता येणार नाही." 'ताई' म्हणाली नाही. घाईत असेल.

६ ऑगस्ट

आजच्या चौकटी : कणी अकरा, खडी सात, जाळी चार, रांगा नाहीत. बेचाळीस 'दिसत नाही'. हल्ली मी हा शब्द पटकन लिहिते. साहेबांनी आज दोन चौकटी परत पाठवल्या, शेरा मारून : "इथे दिसते आहे. पुन्हा पाहावे."

अर्ज लिहिला. तीनदा लिहिला. पहिल्यात ठोंब्याबद्दल खूप होतं, दुसऱ्यात माझ्याबद्दल. तिसऱ्यात दोघांबद्दल फक्त जरुरीपुरतं आहे. निरोपाचं मात्र ठेवलं. तो वगळला तर अर्ज खरा राहत नाही, आणि खोटं लिहायला मला आता कुठली चौकट उरलेली नाही.

उत्तर काय येईल ते ठाऊक आहे. "आपला अर्ज विचारार्थ प्राप्त झाला. तथापि, मुदतीनंतर नोंदीत बदल करण्याची तरतूद नसल्याने..." त्या पत्राचा नमुनाही मीच तयार करून दिला होता. त्यात 'तथापि' घालायचं की 'परंतु', यावर मी आणि दुर्बिणीने एक दुपार घालवली होती.

उद्या साडेदहाला आवक टेबलावर देईन. इथे उतरवून ठेवते.

"महोदय,

दिनांक २७ जून रोजी चौकट एकतीसमध्ये मी 'रांगा' अशी नोंद केली. त्या वेळी त्या चौकटीवर ढगांचा पडदा होता व खालचे मला काही दिसत नव्हते. त्या चौकटीत माझा धाकटा भाऊ होता, म्हणून मी चांगले तेच लिहिले, आणि त्यालाही तसेच कळवले. त्या दिवशी तिथे हवा कशी होती हे मला माहीत नाही. ते फक्त तिथे असलेल्या एकोणीस जणांना माहीत होते.

ती नोंद चांगली किंवा वाईट करावी, अशी माझी मागणी नाही. 'रांगा' हा शब्द खोडून तिथे 'दिसत नाही' एवढेच लिहावे, ही विनंती."